पर्सवरचा पांढरा थर पुसला तरी परत येतो, तेव्हा

"गेल्या वर्षी स्वच्छ पुसून ठेवली होती गं, परत पांढरी झाली." लेदरच्या जुन्या पर्सा माझ्याकडे येतात त्या बहुतेक हेच वाक्य घेऊन येतात. कुणाच्या सासूबाईंनी कलकत्त्याहून आणलेली, कुणाला आजोळी माळ्यावर सापडलेली, कुणी पहिल्या पगारात घेतलेली. मी हा धंदा करत नाही. ठाण्यात राहते, घरात शिलाईमशीन आहे, हात स्वस्थ बसत नाहीत. आईच्या एका पर्सने मला लागोपाठ तीन पावसाळे चकवलं आणि तिथून हा नाद लागला. त्या तीन वर्षांत मी ती दर वेळी बाहेरून पुसायचे आणि वरून प्रेमाने खोबरेल तेल चोळायचे. एका हाताने बुरशी काढत होते आणि दुसऱ्या हाताने तिला जेवू घालत होते.

म्हणून खालचा क्रम सोडू नका. फुकटच्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर आणि शिवण उसवणं अगदी शेवटी.

लक्षणं

पर्स उजेडात घेऊन बसा आणि यातलं काय काय दिसतंय ते बघा. एकाच पर्सवर दोन-तीन गोष्टी असू शकतात.

- पांढरे किंवा करडे गोलसर ठिपके, जवळून पाहिलं तर लवदार. हँडलवर हाताचा घाम लागतो तिथे, झाकणाच्या आतल्या बाजूला आणि शिवणीच्या खोबणीत जास्त.
- ठिपके नाहीत, पण सगळीकडे सारखा दुधी, मेणचट थर. बोट फिरवलं की वळ उमटतो. घड्यांवर दाट. हा बहुधा डिसेंबर-जानेवारीत दिसतो.
- पाण्याच्या जुन्या डागाच्या कडेने पांढरी रेघ, हाताला खरखरीत.
- पितळी बटणांच्या आणि रिव्हेटांच्या भोवती हिरवं, मेणासारखं काहीतरी साचलेलं.
- बाहेरून चकचकीत, पण चेन उघडली की भपकारा.
- पुसल्यावर दोन-तीन आठवडे ठीक आणि मग त्याच जागी थर परत.
- वरच्या पापुद्र्याच्या सालपटी निघतात आणि खाली विणलेलं कापड दिसतं.

हे शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. ते चामडं नाही, कापडावर चढवलेलं पॉलियुरेथेन आहे, आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो त्याच्या कुळातलं. दमट हवेत ते आपोआप तुटत जातं. आधी चिकट होतं, मग सोलतं. त्याला क्रीम, तेल, पॉलिश काहीही लागू पडत नाही. आतली कागदपत्रं काढून घ्या आणि पर्सला निरोप द्या. खात्री करायची तर एखादी कापलेली, न दुमडलेली कड शोधा. चामड्याच्या कडेला गुंतागुंतीचे तंतू दिसतात, नकलीला थर दिसतात. कोपरा जाळून बघायचा सल्ला अजूनही मिळतो, तो देणाऱ्यांच्या हातात पर्स देऊ नका.

पहिली तपासणी: नाक

खर्च शून्य. चेन उघडा, तोंड आत घाला आणि हुंगा. ज्यांना दमा आहे, धुळीची ॲलर्जी आहे त्यांनी हे स्वतः करू नये, घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगावं.

वास कुबट आहे की खवट? मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत याचा इथे फार उपयोग होतो. बंद खोलीत ओलं पायपुसणं राहिलं तर येतो तो कुबट, तो बुरशीचा. जुन्या खोबऱ्याला, शिळ्या चिवड्याला येतो तो खवट, तो तेलाचा. पहिल्यावर उपाय वाळवण्याचा आणि दुसऱ्यावर तेल काढण्याचा. हे ओळखलं नाही तर तेलकट थरावर बुरशीचे उपाय करत बसतो आणि चामडं उगाच कोरडं करून ठेवतो. दोन्ही वास एकत्र आले तर नवल नाही. बुरशीला खायला काहीतरी लागतं आणि तेल लावलेली पर्स म्हणजे तिला वाढलेलं ताट.

दुसरी तपासणी: ऊब

थरावर तळहात अर्धा मिनिट दाबून ठेवा. तेवढ्याने काही झालं नाही तर हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, वीतभर लांबून, अर्धा मिनिट. ड्रायर एका जागी धरून ठेवायचा नाही. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं, त्यातून ओलं असेल तर, जास्त उष्णतेने आकसतं आणि ते परत सैल होत नाही.

ठिपके जसेच्या तसे राहिले तर बुरशी किंवा क्षार. थर वितळून नाहीसा झाला तर ती चरबी.

ही चरबी येते कुठून? चामडं कमावताना त्यात तेल-चरबी घालतातच, नाहीतर ते पत्र्यासारखं ताठ होईल. वर्षानुवर्षांनी त्यातले काही घट्ट घटक पृष्ठभागावर येऊन गोठतात. पण आपल्याकडच्या पर्सांवर मला बहुतेक वेळा याहून साधं कारण सापडलं: खोबरेल तेल. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. पुण्या-नाशकाकडे थंडीत बाटली शेगडीजवळ किंवा उन्हात ठेवावी लागते ना, तेच पर्समध्ये मुरलेल्या तेलाचं होतं. एक मैत्रीण दर संक्रांतीच्या सुमारास "बुरशी" आली म्हणून पर्स उन्हात ठेवायची, बुरशी गायब व्हायची, आणि ऊन बुरशी मारतं असं ती सगळ्यांना सांगायची. उन्हाने तेल वितळून आत जात होतं, एवढंच. चार-पाच वर्षांनी पर्सचा रंग मात्र एका बाजूने उडाला.

चरबीचा थर निघाला तर उपाय इथेच करून टाका. ऊब द्या, आणि वितळलेलं आत मुरायच्या आत जुन्या सुती कापडाने टिपा. चोळायचं नाही, टिपायचं. कापडाची कोरडी बाजू घेत घेत चार-पाच वेळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पर्सभर मुरलेलं तेल घरी पूर्ण निघत नाही हे आधीच सांगते. थंडीत थोडा दुधीपणा येईल, तो टिपत राहायचा. मैदा, कॉर्नफ्लोअर वगैरे भुरभुरवून तेल शोषून घ्यायची युक्ती सांगतात. मी ती एकदा केली. रवाळ चामड्याच्या खोबणीत पीठ अडकलं आणि पुढच्या पावसात तिथेच बुरशी धरली.

पितळाभोवतीचं हिरवं मेणही याच तेलाचं भावंड. चामड्यातल्या तेलाची आम्लं पितळातल्या तांब्याला लागतात आणि हा हिरवा साबणासारखा पदार्थ तयार होतो. दात कोरायच्या लाकडी काडीने अलगद खरवडा, कोरड्या कापडाने पुसा. पूजेची भांडी घासतो तशी चिंच किंवा लिंबू लावू नका. पितळ चमकेल, पण ते आंबट पाणी भोवतालच्या चामड्यात झिरपेल आणि बटणाभोवती काळं कडं कायमचं राहील.

तिसरी तपासणी: ओला बोळा

कापसाचा बोळा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि पांढऱ्या रेघेवर टेकवा. रेघ विरघळली आणि वाळल्यावर फिकट होऊन परत आली तर ते क्षार आहेत. तीन-चार वेळा असंच टिपत गेलं की संपतात. नळाचं पाणी नको, त्यात स्वतःचेच क्षार असतात.

याच बोळ्याने आणखी एक गोष्ट कळते, म्हणून ही तपासणी बुरशी असली तरी करा. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मण्यासारखा वर बसला तर चामड्यावर रंगाचा संरक्षक थर आहे, पुढची सफाई त्याला झेपेल. थेंब आत शिरला आणि तिथे गडद डाग पडला तर चामडं उघडं आहे. अशा पर्सला यापुढे कमीत कमी ओलं लावायचं.

शांतिनिकेतनी पर्स असेल तर अधिकच जपून. रवींद्रनाथ टागोरांनी शांतिनिकेतनाजवळ १९२२ साली सुरू केलेल्या श्रीनिकेतन या संस्थेच्या परिसरात वाढलेलं हे काम: बकरीचं किंवा मेंढीचं पातळ चामडं, त्यावर उठावाची नक्षी आणि हाताने भरलेले रंग. मराठी घरांत या पर्सा ढिगाने आहेत, कारण कलकत्त्याला गेलेला प्रत्येक जण एक तरी घेऊन यायचा. ओल्या बोळ्याला त्यांचा लाल आणि हिरवा रंग लागलेला मी पाहिलाय, आणि स्पिरिटला तर सपशेल. त्यांच्यावर कोरडा ब्रश सोडून काही चालवू नका.

चौथी तपासणी: आतून की बाहेरून?

पुसून परत येणाऱ्या थराचं खरं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

पर्स रिकामी करा. अस्तराचे खिसे बाहेर ओढा, कोपऱ्यातली जुनी तिकिटं, कुंकवाची पुडी, साबुदाण्याइतके झालेले बडीशेपेचे दाणे, सगळं काढा. मग आत कोरा पांढरा कागद चुरगळून भरा, पर्स बंद करा आणि दोन दिवस ठेवा. त्याच दिवशी बाहेरून, फक्त बाहेरून, कोरड्या कापडाने पुसून घ्या. तिसऱ्या दिवशी कागद काढून हुंगा. कागद कुबट आणि हाताला नरम लागला तर ओल आत आहे. बाहेरून कितीही पुसा, बी आतच राहणार.

आता तळावर अंगठ्याने दाबा. जुन्या पर्सांच्या तळाला, आणि पुष्कळदा झाकणात आणि बाजूंनाही, चामडं आणि अस्तर यांच्यामध्ये पुठ्ठा असतो. तो चिकटवायला खळ वापरलेली असते. पुठ्ठा दमट हवेतून पाणी ओढून घेतो आणि धरून ठेवतो. खळ म्हणजे शिजवलेलं पीठ. पाणी, पीठ, अंधार आणि बंद जागा, बुरशीला आणखी काय हवं? दाबल्यावर तळ टणक लागला तर ठीक. मऊ लागला, दबून तसाच राहिला किंवा कुरकुरला तर पुठ्ठा गेलाय.

आईच्या पर्सचं हेच होतं. चौथ्या वर्षी धीर करून अस्तर दहा सेंटिमीटर उसवलं, तर आतला पुठ्ठा भिजलेल्या खारी बिस्किटासारखा पदर पदर सुटून आला. एका पदरावर कसल्याशा साबणाच्या खोक्याची छपाई होती. कारागिराने हाताशी होता तो पुठ्ठा घातला होता.

पाचवी तपासणी: कपाट

पर्स बरी आणि घर आजारी असंही असतं. तीन-चारशे रुपयांत छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. तो पर्स ठेवता त्या जागी एक दिवस ठेवा. साधारण ६५ टक्क्यांच्या वर हवा सतत राहिली की चामड्यावर बुरशी धरायला लागते. माझ्या घरात जुलैत हॉलमध्ये ७८ होतं आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ८६. पर्स अर्थात त्याच कपाटात होती, तीही प्लास्टिकच्या पिशवीत, "दमट हवा लागू नये म्हणून". पिशवी बंद करताना आत असलेली ओल तिथेच कोंडली जाते. प्लास्टिक काढा, जुन्या उशीचा सुती अभ्रा घ्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. फुकटात जे होतं ते आधी करा.

सिलिका जेलच्या पुड्यांवर फार भरवसा ठेवू नका. एक हिशोब सांगते. ३० अंश तापमानाला ८५ टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी असतं. ते ६० टक्क्यांवर आणायला साडेसात ग्रॅम पाणी शोषावं लागेल. बुटांच्या खोक्यातली पाच ग्रॅमची पुडी दीड-दोन ग्रॅम शोषून दमते. आणि कपाटाचं दार उघडलं की सगळं पुन्हा पहिल्यासारखं. घट्ट झाकणाच्या डब्यात, आधी नीट वाळवलेल्या पर्सबरोबर ती काम करते. उघड्या-मिटत्या कपाटात नाही. डांबरगोळ्या कीटकांसाठी असतात, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही, आणि तो वास पर्समधून वर्षभर जात नाही. कडुलिंबाचा पाला ठेवायचाच तर कडकडीत वाळलेला. ओला ठेवलात तर स्वतःच्या हाताने पाणी आत ठेवलंत.

आता सफाई

तपासण्या झाल्या आणि बुरशीच आहे असं ठरलं, तर आधी वाळवायचं. पुसायचं नंतर. घाई इथेच नडते. ओल्या बुरशीवर कापड फिरवलं की ती चामड्याच्या छिद्रांत आणि शिवणीत सारवली जाते. पूर्ण वाळली की पूड होते आणि झटकून निघते. पर्स उघडी ठेवून, आत पांढरा कागद भरून, सावलीत पंख्याखाली तीन-चार दिवस. एसी असेल तर त्याच खोलीत. कडक ऊन नको, गॅसची धग नको, इस्त्री तर नकोच. वर्तमानपत्र आत भरू नका, फिकट अस्तरावर शाई उतरते.

मग गॅलरीत जा. एन-९५ मास्क लावा, खोलीचं दार मागे ओढून घ्या. रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन पूड बाहेरच्या दिशेने झटका. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधून अस्तरातली पूड ओढून घ्या. झाल्यावर ब्रश आणि कापड गरम पाण्यात धुवा किंवा टाकून द्या. तोच ब्रश दुसऱ्या पर्सला लावलात तर बुरशी तुम्ही स्वतः पोचवलीत.

यानंतर अल्कोहोल. औषधाच्या दुकानात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घाला. तसंच तीव्र लावलं तर रंगाचा थर उतरतो आणि चामडं कोरडं पडतं. आधी झाकणाच्या आत कापसाच्या काडीने चाचणी घ्या आणि दहा मिनिटं थांबा. काडीला रंग लागला तर इथेच थांबायचं, कोरड्या ब्रशवर समाधान मानायचं. रंग लागला नाही तर कापड ओलसर करून हलक्या हाताने पुसा, एका वेळी तळहाताएवढा भाग. जवळ देवाचा दिवा, उदबत्ती, पेटता गॅस काही नको, हे द्रावण पेट घेतं. याने बुरशी निघते, पण तिचं परत येणं थांबतं ते कोरडेपणाने. दर आठवड्याला स्पिरिट लावायची वेळ येत असेल तर चूक कपाटात किंवा पुठ्ठ्यात आहे.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांच्याबद्दल दर वेळी विचारतात. चामडं मुळात आम्लधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच) साधारण ३.५ ते ५. सोड्याचं पाणी आठाच्या पुढे जातं. त्याने चामडं गडद आणि ताठ होत जातं. व्हिनेगरने काही साधत नाही, वास तेवढा वाढतो. सोडा कोरडा, उघड्या वाटीत, पर्सच्या शेजारी ठेवला तर वासाला थोडा फरक पडतो. चामड्याला लागू द्यायचा नाही.

बुरशी गेली तरी काळे-तपकिरी ठिपके राहिले तर ते डाग आहेत. बुरशीने सोडलेला रंग चामड्यात उतरलेला असतो. ब्लीच लावू नका. मी लावलंय. एका ठिपक्याच्या जागी पांढरा चट्टा आला आणि तिथलं चामडं पुढे कागदासारखं फाटलं.

यानंतर पर्स पंधरा दिवस इतर पर्सांपासून वेगळी ठेवा, पांढऱ्या कागदावर, उघडी. दर दोन-तीन दिवसांनी बघा. ठिपका दिसला नाही तरच रंगहीन क्रीम, पूर्ण पर्सला मिळून हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढं, कापडावर घेऊन. खोबरेल, तिळाचं तेल, व्हॅसलिन, थंडीतलं कोल्ड क्रीम, यातलं काही नाही. पर्स कोरडी दिसली की तेल लावायला हात शिवशिवतो, मला ठाऊक आहे.

सगळ्यात अवघड: पुठ्ठा बदलणं

चौथ्या तपासणीत तळ मऊ लागला असेल तरच इकडे या. एक रविवार पूर्ण जाईल.

नियम एकच: अस्तराची स्वतःची शिवण उसवायची, चामड्याची नाही. चामड्याला पडलेलं भोक कधी बुजत नाही. जुन्या भोकांच्या शेजारी सुईने नवी भोकं पाडली की तिथे पोस्टाच्या तिकिटासारखी रांग तयार होते आणि ओझ्याने चामडं त्याच रेघेवर फाटतं. अस्तराच्या तळाला किंवा खिशाच्या आत एक जोडशिवण असते, ती शोधा. बहुतेक वेळा कारखान्यात पर्स उलटवून सुलट करायला तिथेच फट ठेवलेली असते आणि ती शेवटी घाईने बंद केलेली असते. टाके थोडे वेगळे दिसतात. तिथून दहा-बारा सेंटिमीटर उसवा. उसवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा.

पुठ्ठा तुकड्या-तुकड्यांनी निघेल. प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर मूळ जागी मांडा, नवा भाग कापायला तोच नमुना. आत राहिलेली खळ बोथट सुरीने कोरडीच खरवडा. मग ही फट उघडी ठेवून पर्स पुन्हा दोन दिवस वाळवा. ही पायरी गाळली तर सगळी मेहनत वाया.

नवा तळ पुठ्ठ्याचा नको. ऑफिसच्या जाड पॉलिप्रॉपिलीन फाईलचं कव्हर घ्या. ते पाणी पीत नाही, कात्रीने कापता येतं. कोपरे गोल करा, नाहीतर ते महिन्याभरात अस्तर भोसकतील. चिकटवायची गरज बहुधा पडत नाही, मापात कापलं तर ते नीट बसतं. चिकटवायचंच असेल तर खळ किंवा पांढरा फेविकॉल नको, मोची वापरतात ते रबरी सोल्यूशन, तेही कडेला चार टिपके.

अस्तर पॉलिएस्टरच्या दोऱ्याने हाताने बंद करा. चामड्याची एखादी शिवण आधीच सुटलेली असेल तर तीही आता धरा: दोन बोथट सुया, मेण लावलेला दोरा, दोन्हीकडून जुन्याच भोकातून. मशीनखाली जुनी पर्स घालू नका. मशीनची सुई जुनं भोक शोधत बसत नाही.

अस्तरच चिकट झालं असेल, हाताला गोंदासारखं लागत असेल, तर ते प्लास्टिकचं आहे आणि विरघळायला लागलंय. त्याला धुणं-पुसणं नाही. पूर्ण अस्तर बदलावं लागतं, आणि ते काम मी स्वतः करत नाही.

कुठे थांबायचं

पांढऱ्या रुमालाने पर्स हलकेच पुसा. रुमालावर लालसर तपकिरी भुकटी आली आणि चामडं कोपऱ्यात पिठासारखं झडत असेल तर ते आतून कुजतंय. झाडाच्या सालीने कमावलेल्या जुन्या चामड्याला प्रदूषित हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे हे होतं. वकिलांच्या कपाटातल्या जुन्या कातडी बांधणीच्या ग्रंथांवर हीच भुकटी दिसते. झालेलं नुकसान भरून येत नाही. तेल-पाणी लावलं तर आणखी काळं आणि ठिसूळ होतं. वस्तुसंग्रहालयांत काम करणारे संवर्धक अशा चामड्याला बांधून धरणारी द्रव्यं लावतात. पर्सला घरात मोल असेल तर त्यांना दाखवा, नाहीतर कापडात गुंडाळून ठेवा आणि वापरू नका.

हँडल जिथे पर्सला जोडलेलं असतं तिथे चामड्याला आरपार चीर गेली असेल तर चिकटवून उपयोग नाही. सगळं ओझं तिथेच येतं. चांगल्या बॅग दुरुस्तीवाल्याकडे जा. चेन बदलणं, पूर्ण अस्तर, हँडल, ही त्याची रोजची कामं आहेत. पर्सचा रंग पूर्ण बदलायचा असेल तरीही त्याच्याचकडे.

पुराच्या पाण्यात गेलेली पर्स घरी हाताळू नका. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला, त्यानंतर एका ओळखीच्या बाईंनी आठवड्याने तीन पर्सा पाठवल्या. गाळ आणि सांडपाणी शिवणीत बसलेलं, चामडं वाळून लाकूड झालेलं. मी त्यातली एकही वाचवू शकले नाही, आणि हात घालायला नको होता.

बुरशी अर्ध्याहून जास्त भागावर असेल, किंवा रंगाच्या थराखालून काळी वर येत असेल, तर थांबा. घरात तान्हं मूल, दमेकरी किंवा नुकतंच आजारातून उठलेलं कुणी असेल तर ठिपका एक असला तरी थांबा. अशी पर्स घट्ट पिशवीत बांधून बाहेर न्यायची, गॅलरीतसुद्धा उघडायची नाही. इथे पिशवी चालते, ती ठेवायची नसून न्यायची आहे.

साप, घोरपड किंवा मगरीच्या कातडीची पर्स निघाली तर तिची गोष्ट वेगळी. अशा कातडीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं घालणारा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये आला. आजीची म्हणून ती विकायला काढू नका, आधी वनखात्याकडे चौकशी करा.

मोच्याकडे किंवा बॅगवाल्याकडे पर्स देताना समोर उभं राहून सांगा: पॉलिश मारायचं नाही, तेल लावायचं नाही, जुन्या भोकांतूनच शिवायचं. न सांगता दिलीत तर तो आपल्या परीने भलं म्हणून पर्स बुटासारखी चमकवून देईल आणि त्या पॉलिशखाली बुरशी आहे की नाही हे पुढच्या जुलैपर्यंत कुणालाच दिसणार नाही. काढलेली बटणं, चेन, पट्ट्या पिशवीत घालून परत मागा. आईच्या पर्सचं पितळी बटण असंच एकदा परत आलं, आणि दोन वर्षांनी नवं बटण निखळलं तेव्हा तेच कामी आलं.